भाऊबीजेचं विमान

बडोद्याहून बंगळूरला विमानानं जायला दोन तास लागतात. मला दोन महिने लागले.

यात विमान कंपनीचा दोष नाही. (मी देऊन पाहिला. त्यांच्या फोनवर गोड आवाजाची एक बाई असते. ती आपलं सगळं ऐकून घेते आणि शेवटी नऊ दाबा म्हणते.) दोष द्यायचाच तर माझ्या हुशारीला द्यावा लागेल, आणि ती माझ्याकडे लहानपणापासून गरजेपेक्षा जास्त आहे.

बस डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली. कुठली गाडी कधी सुटायची, कुठं किती थांबायची, ड्रायव्हरनं चहा कुठं घ्यायचा, सगळं मी ठरवायचो. आमच्याकडे भाडं म्हणजे सरळ मामला. वाघोडियाचं भाडं सकाळी जे तेच संध्याकाळी, आणि साहेबाला जे तेच मजुराला. एवढ्या अनुभवामुळे निवृत्तीनंतर गोत्रीच्या आमच्या सोसायटीत प्रवासाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. कोणी डाकोरला निघालं तरी आधी मला विचारायचं आणि मग आपल्या मनाला येईल तसं जायचं.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळूरहून मृणालचा फोन आला. मृणाल म्हणजे माझी भाची, अक्काची एकुलती एक मुलगी. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून ती मृणालकडेच राहते. दोन-तीन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग गॅस बंद केला का ते, मग दुपारी जेवलो की नाही ते.

"मामा, डॉक्टर म्हणाले, आता भराभर जाईल सगळं," मृणाल म्हणाली. "अजून माणसं ओळखते आहे. तुझं नाव तर रोज काढते. ओळखतेय तोवर येऊन जा."

मग अक्कानं तिच्या हातातून फोन घेतला. "रमू, कधी येतोस?"

"येतो ना अक्का. भाऊबीजेला येतो. सगळेच येतो."

"भाऊबीज कधी आहे?"

"आहे अजून दोन महिने."

"तोवर तू राहशील ना रे माझ्या लक्षात?"

मी हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण फोनवर रडू यायला लागलं की मी हसतो. खोड जुनी आहे, आता मोडायची नाही.

या अक्कानं मला वाढवलं. आई सतत आजारी, वडील कचेरीत, आणि दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत मी अक्काच्या मागं मागं. घड्याळ बघायला तिनंच शिकवलं. फरशीवर खडूनं भलं मोठं घड्याळ काढायची, खराट्याच्या दोन काड्यांचे काटे करायची आणि म्हणायची, "सांग रमू, आता किती वाजले?" चुकलं की तीच काडी पायावर. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना वेळा नेमून देऊन पोट भरलं, त्याला वेळ कळायला लागली ती अशी.

फोन ठेवल्यावर शालिनी, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अहो, उद्याच जा. एकटे जा. दोन दिवस राहा आणि परत या. भाऊबीजेचं भाऊबीजेला बघू."

"एकदा आत्ता आणि एकदा भाऊबीजेला? विमान आहे ते, सिटी बस नाही."

"मग भाऊबीज राहू द्या. बहिणीला भेटायला सण कशाला लागतो?"

शहाणी बाई आहे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिचं ऐकून माझं एकदाही नुकसान झालेलं नाही. म्हणून तर मी ऐकत नाही. आमच्या घराण्यात भाऊबीजेला भावानं बहिणीकडे एकटं जायचं नसतं. सगळे भाऊ, बायका-मुलांसकट, वाजतगाजत जातात. ही पद्धत आजोबांच्याही आधीची. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत शिलेदार होते. घोड्यावर मांड ठोकून ते कुठं कुठं जाऊन आले म्हणतात. निघताना त्यांनी भाडं पाहिल्याची नोंद नाही.

तर जाणारे आम्ही सहा. मी आणि शालिनी, धाकटा भाऊ दिलीप आणि त्याची वंदना, आमचा नितीन आणि सून तेजल. (तेजल गुजराती. लग्नानंतर आमच्याकडे येऊन मराठी शिकली आणि आता माझ्या चुका शुद्ध मराठीत काढते.) रेल्वेचा विषय निघाला, पण दिवाळीतली गाडी आरक्षण उघडल्या उघडल्या भरून गेली होती. मी फोनवर विमानाचं पान उघडलं, तारीख टाकली, प्रवासी सहा असं टाकलं आणि आकडा बघून चष्मा पुसला.

"काय झालं?" शालिनीनं विचारलं.

"उतरेल," मी म्हणालो.

पैसे होते. आज हे लिहायला लाज वाटते, पण होते. पेन्शन बरी आहे, नितीन चांगला कमावतो. प्रश्न पैशांचा नव्हता, तत्त्वाचा होता. (ज्याचा प्रश्न पैशांचाच असतो, तो नेहमी असंच म्हणतो.) एकाच विमानातली एकच खुर्ची सकाळी एका भावानं आणि जेवणानंतर दुसऱ्या भावानं विकायची, हा काय व्यवहार झाला? मी तीस वर्षं भाडं या गोष्टीचा आदर करत आलो होतो. त्या कंपनीला मी सरळ करणार होतो.

कुटुंबाचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर मी रोज सकाळी आणि संध्याकाळी भाव कळवायला लागलो. "आज थोडं नरम." "दुपारनंतर तेजी." दिलीप अंगठा दाखवायचा. वंदना हात जोडायची. बाजारसमितीचं दैनिक वाचावं तसं सगळे वाचत, आणि माझी कॉलर रोज जराशी ताठ होत असे.

पितृपक्ष लागला आणि भाव खरोखर उतरला. चांगलाच उतरला. शालिनी म्हणाली, "घ्या आता." माझं बोट तिकिटावर गेलंही होतं. तेवढ्यात वंदनाचा फोन. "भावजी, पितरांच्या दिवसांत दिवाळीचं काही घेतात का? पंधरा दिवस थांबा की."

आता मी काही फार पाळणारा माणूस नाही. सर्वपित्रीला मी सयाजीगंजात सेव-उसळ खाल्लेली आहे. पण मला मनातून वाटत होतं की अजून उतरेल. अशा वेळी शास्त्र फार उपयोगी पडतं. "वंदना म्हणते ते बराबर आहे," मी गंभीरपणे म्हणालो आणि फोन खाली ठेवला.

त्याच आठवड्यात अक्काशी बोललो.

"रमू, बाबा बरे आहेत ना?" तिनं विचारलं.

आमचे बाबा जाऊन पस्तीस वर्षं झाली. मी म्हणालो, "बरे आहेत." मग तिला तिकिटाची सगळी हकिकत सांगितली. किती चढलं, किती उतरलं, मी कसा दबा धरून बसलोय. ती लक्ष देऊन ऐकत होती. "बघ हं, फसू नकोस," म्हणाली. फोन ठेवताना पुन्हा विचारलं, "मग कधी येतोस?"

"स्वस्त झालं की लगेच."

पितृपक्ष संपला. घटस्थापनेच्या सकाळी अंघोळ करून फोन उघडला तर भाव थेट दुसऱ्या मजल्यावर. पितर गेले ते आमचा भावही घेऊन गेले.

नवरात्रात बडोद्यात कोणी कोणाचं काम करत नाही. सगळं गाव गरब्यात असतं. मी मात्र संशोधनात होतो. मंगळवारी भाव उतरतो, असं सोसायटीतल्या एकानं सांगितलं. मी मंगळवार धरला. पहाटे कंपनीचे लोक झोपलेले असतात, असं दुसऱ्यानं सांगितलं. मी पहाट धरली. आपण तेच तेच बघतो ते कंपनीला कळतं आणि ती मुद्दाम भाव चढवते, असं दिलीपनं सांगितलं. मग मी घरातला प्रत्येक फोन पाळीपाळीनं वापरायला लागलो. धुणंभांडी करणाऱ्या कोकिळाबेनचासुद्धा. तिला महिनाभर बंगळूरच्या हॉटेलांच्या जाहिराती येत होत्या. "काका, आ शुं छे?" असं ती दोनदा विचारून गेली.

शेवटी रविवारी मी सगळ्यांना घरी बोलावलं. माझी योजना अशी होती की सहाही जणांनी सहा फोनवर एकाच क्षणी बघायचं. ज्याला सगळ्यात स्वस्त दिसेल त्यानं घ्यायचं. कंपनी गोंधळली पाहिजे. डेपोतली माझी जुनी शिटी मी कपाटातून काढली. तेजल पोहे करत होती, तिलाही बाहेर बोलावलं.

"पप्पा, प्रत्येकानं किती सीट टाकायच्या?" तिनं विचारलं.

"सहा. आपण सहा आहोत ना?"

"म्हणजे सहा फोनवर छत्तीस. त्यांना वाटेल बडोद्याहून वऱ्हाड निघालंय."

मी शिटी फुंकली. सहाही फोनवर एकच आकडा आला, आणि तो सकाळच्या आकड्यापेक्षा मोठा होता. पोहे लागले होते. शालिनी आत जाता जाता म्हणाली, "अक्का चंद्राला ओवाळतील या वर्षी. तो वेळेवर येतो आणि त्याला भाडंही पडत नाही." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग आम्ही लागलेले पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी जिग्नेशभाईकडे गेलो. आमच्या कोपऱ्यावर त्याचं तिकिटांचं छोटंसं ऑफिस आहे. काचेवर विमान चिकटवलेलं, आत पंख्याला जागा नाही एवढी खोली.

"काका, आओ, बेसो," तो म्हणाला. "बघा, विमानात सीट सगळ्या सारख्या, पण भाव सारखा नाही. डबे समजा. पहिल्या डब्यात थोड्या सीट, एकदम स्वस्त. त्या गेल्या की दुसरा डबा, थोडा महाग. मग तिसरा. खाली जागा राहते असं वाटलं तर कंपनी परत स्वस्त डबा उघडते. कॉम्प्युटर करतो सगळं. त्यात कोणाला राग नाही, लोभ नाही."

ही माहिती शांतपणे ऐकून घेणं माझ्या हातात होतं. त्याऐवजी मी त्याला बसभाड्याची नीती समजावून सांगितली. टप्पा म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, खिडकीजवळच्या माणसाकडून आम्ही कधी जास्त घेतलं का. अर्धा तास बोललो. तो मान हलवत होता. त्याला मला काहीतरी विचारायचं होतं, पण मी श्वास घेत नव्हतो.

अक्काला फोन केला तेव्हा अष्टमी होती. मृणालनं फोन तिच्या कानाला लावला.

"कोण?" अक्का म्हणाली.

"मी रमू."

"कोण रमू?"

मी म्हणालो, "अक्का, बडोद्याहून. रमू. विमानाचं तिकीट बघतोय ना मी."

"हां हां," ती एकदम खुलली. "रमू. झालं का रे स्वस्त?"

तिला मी आठवलो नाही, तिकीट आठवलं, आणि तिकिटाच्या शेपटाला धरून मी आलो. त्या वेळी मला एवढंच वाटलं की चला, ओळखलं. मी खूश होऊन तिला आणखी पंधरा मिनिटं भाव सांगितले. आज वाटतं, तेवढ्या वेळात तिच्याशी काय काय बोलता आलं असतं. फरशीवरच्या घड्याळाबद्दल बोलता आलं असतं. तू होतीस म्हणून मी माणसात आलो, हे सांगता आलं असतं. ते मी तिला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी भाव सांगितले.

दसरा उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. शस्त्र म्हणजे पणजोबांची तलवार. म्यानातून अर्धी निघते, मग अडकते. त्या तलवारीशेजारी मी या वर्षी फोन ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. (फूल ओलं होतं. फोनचा आवाज तेव्हापासून घोगरा आहे.) पूजा झाली आणि मी फोन उघडला, तर चमत्कार. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीचं सकाळचं थेट विमान, अगदी नवीन, आधी यादीत नसलेलं, आणि भाव निम्म्याच्या आसपास.

"नितीन, कार्ड आण," मी ओरडलो.

सहा तिकिटं निघाली. मी सोसायटीत लीलो चिवडो वाटला. लोक विचारत होते, नातवंड झालं का. मी म्हणत होतो, त्याहून मोठी गोष्ट. अक्काला फोन केला.

"अक्का, तिकीट काढलं."

"काढलंस?" ती लहान मुलीसारखी हसली. "स्वस्त मिळालं?"

"एकदम स्वस्त."

"हुशार आहेस. मग ये आता."

मृणालनं फोन घेतला. तिचा आवाज बारीक झाला होता. "मामा, आधी यायला जमलंच तर बघ ना. रोज काहीतरी कमी होतंय."

"आता काय, पंधरा-वीस दिवस," मी म्हणालो. "तिकिटं झाली सुद्धा."

आठवड्यानं संदेश आला. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक दिवाळीच्या आसपास लागू होतं. त्या वेळापत्रकात आमचं सकाळचं विमान नव्हतं. यादीत आधी टाकलं होतं, मग गणित बसेना म्हणून काढलं. पैसे परत घ्या, किंवा कुठल्याही जादा शुल्काशिवाय भाऊबीजेनंतर चार दिवसांनी जा, असं नम्रपणे कळवलं होतं.

मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही. कारण हे काम मी स्वतः तीस वर्षं केलेलं होतं. एकदा वाघोडियाची सकाळची गाडी मी वीस मिनिटांनी पुढे ढकलली. कागदावर फार सुंदर बसत होती. दुसऱ्या दिवशी तिकडच्या कारखान्यातला एक कामगार माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी तुमची आहे, पण शिफ्ट माझी आहे." मी त्याला अर्ज करायला सांगितलं होतं. आता मला अर्ज करावासा वाटत होता, आणि कोणाकडे करायचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या विमानांचे भाव बघितले. सहा जणांचे. ते इथं लिहीत नाही, शालिनी हे वाचणार आहे.

"पप्पा," तेजल म्हणाली, "तुमच्या एकट्याचं बघा ना."

तेव्हा कुठे मी दीड महिन्यात पहिल्यांदा तिचं म्हणणं पुरतं ऐकलं आणि जिग्नेशभाईकडे गेलो. भाऊबीज मात्र मी अजूनही धरून होतो. त्यानं कॉम्प्युटरवर खटखट केलं आणि भाऊबीजेच्या सकाळचं एक तिकीट दाखवलं. महाग होतं, पण माणसाच्या आवाक्यातलं होतं. मी घरी पाहिलेल्या एका तिकिटाच्या भावापेक्षा तर बरंच कमी.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"काका, घरी तुम्ही किती जणांचं बघत होता?"

"सहा."

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "दर वेळी सहा?"

"दर वेळी. छत्तीस सुद्धा."

"अरे काका," तो म्हणाला. त्याचा स्वर मऊ झाला, डॉक्टरचा होतो तसा. "स्वस्त डब्यात चार सीट उरल्या असल्या आणि तुम्ही सहा मागितल्या, तर कॉम्प्युटर चार स्वस्त आणि दोन महाग असं नाही देत. सहाच्या सहा वरच्या डब्यातून देतो. माझा भाचा नवरात्रात हेच दिवाळीचं तिकीट घेऊन गेला, अर्ध्या भावात. एकटा होता ने. दोन-दोन करून घेतली असती तरी तुम्हाला मिळाली असती. मी त्या दिवशी हेच विचारणार होतो, किती जण. पण तुम्ही बसचं सांगत होता."

म्हणजे ज्या दिवशी मृणालचा फोन आला, त्या दिवशीसुद्धा माझ्या एकट्यासाठी विमानात स्वस्त खुर्ची रिकामी असणार. मी सहा जणांना घेऊन तिच्यासमोर उभा होतो आणि ती मला दिसत नव्हती. शालिनी पहिल्या दिवशी म्हणाली होती, एकटे जा. मी घरी येऊन तिला हे सांगितलं. ती माझी बॅग काढून भरायला लागली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

भाऊबीजेच्या सकाळी हरणीच्या विमानतळावर नितीननं सोडलं. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. माझ्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बंगळूरला मृणालनं दार उघडलं आणि मला मिठी मारली. ती बराच वेळ सोडेना, तेव्हाच मला कळलं.

"गेल्या आठवड्यापर्यंत ओळखत होती, मामा," ती म्हणाली. "फोटो दाखवला की नाव सांगायची. चार दिवस झाले, मलाही ताई म्हणते. पण आज भाऊबीज आहे हे तिला पक्कं माहीत आहे. पहाटे उठून बसली."

अक्का हॉलमध्ये पाटासमोर खुर्चीवर बसली होती. हिरवी साडी नेसली होती, वेणी घातली होती. समोर ताम्हनात निरांजन, सुपारी, अक्षता. किती बारीक झाली होती. मी दारातच उभा राहिलो. मला वाटत होतं, मी हाक मारली की झालं; हाकेनं काहीतरी हलेल.

"अक्का," मी म्हणालो. "मी आलो."

तिनं वर बघितलं आणि ती हसली. पाहुण्यांना बघून आपण हसतो तसं. "या ना. बसा. ताई, यांना चहा दे गं."

मी पाटावर बसायला गेलो, तशी ती गडबडली. "तिथं नको हं. तो पाट भावासाठी मांडलाय. तुम्ही इथं खुर्चीवर बसा."

मी खुर्चीवर बसलो. पाट आमच्या दोघांच्या मध्ये. मृणाल स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"अक्का, मीच रमू," मी म्हणालो.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "नाही हो. रमू बडोद्याला आहे. तो यायचाय. विमानाचं तिकीट स्वस्त झालं की लगेच निघणार आहे."

या वेळी मला हसू आलं नाही.

तिला माझी दया आली असावी. थोडं पुढे वाकून तिनं विचारलं, "तुम्हाला बहीण नाही का?"

"आहे," मी म्हणालो. "थोरली."

"मग आज तिच्याकडे जायचं ना. बसली असेल बिचारी वाट बघत."

"जायचंच होतं. पण तिकीट फार महाग होतं."

"असतं बाई," अक्का म्हणाली आणि तिनं निरांजनाची वात बोटानं सारखी केली. "आमच्या रमूचंही तेच चाललंय."

चहा आला. आम्ही दोघं रमूची वाट बघत बसलो. तो माणूस वेळेवर येणाऱ्यातला नाही, हे मी तिला सांगितलं नाही.